डिग्री नाही, इंग्रजी येतं, मास्तर व्हायचंय: आधी कागद कुणाच्या नावावर आहे ते विचारा

(रविवारी दुपारी कॅम्पच्या मेस हॉलमध्ये केलेलं हे बोलणं. ज्यांची ड्युटी होती त्यांनी मागितलं म्हणून लिहून काढलं आहे. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)



जेवण झाल्यावर कुणाला बोलणं ऐकायला बसवणं म्हणजे अन्यायच आहे, मला माहीत आहे. हप्त्यातून एक सुट्टी, त्यात कपडे धुवायचे, घरी व्हिडिओ कॉल करायचा, दाढी करायची. तरी तुम्ही बसलात. पंखा माझ्याकडे नको, तिकडे मागच्या लोकांकडे फिरवा.

गेल्या दोन महिन्यांत चार जणांनी मला एकच जाहिरात मोबाईलवर दाखवली. इंग्रजी शिकवायची नोकरी, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम. डिग्री नको, अनुभव नको, सर्टिफिकेट आम्ही देऊ, राहणं फुकट. आणि चौघांनी विचारलं, ‘‘दादा, खरं असेल का हो?’’ चौघांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांसमोर सांगतो. आणि हे सांगायला मीच का उभा आहे, तेही सांगतो. त्याला कारण आहे.

मी स्वतः डिग्रीवाला नाही. रत्नागिरीला सिव्हिलचा डिप्लोमा केला, पुढे डिग्रीला ॲडमिशन मिळत होती पण वडील आजारी पडले आणि मी साइटवर लागलो. दुबईत आलो तेव्हा इंग्रजी असं होतं की कन्सल्टंटच्या इंजिनिअरने काही विचारलं तर मी ड्रॉइंगवर बोट ठेवायचो. हळूहळू शिकलो. आज एनसीआर आली तर उत्तर मीच लिहितो. म्हणून ज्याला इंग्रजी येतं आणि हातात डिग्री नाही, त्याच्या मनात काय चालतं ते मला समजतं. दिवसभर ऊन, संध्याकाळी बसमध्ये झोप, आणि डोक्यात एक विचार, ‘‘आपण एसी वर्गात उभे राहून शिकवू शकलो असतो.’’ हा विचार चुकीचा नाही. मला अजून येतो.

आता तो मुलगा. नाव घेत नाही. मालवणकडचा, शटरिंग कारपेंटर, माझ्याच रूममध्ये वरच्या बंकवर. बी.ए.चं दुसरं वर्ष सोडून आलेला. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. कॅम्प बॉसने नोटीस लावली की सगळे त्याला वाचायला बोलवायचे. कुणाची पे-स्लिप, कुणाचा मेडिकलचा कागद, सगळं तो समजावून सांगायचा आणि कधी कपाळाला आठी नाही. २०१८ मध्ये त्याला देरा भागात एक एजंट भेटला. थायलंडला शाळेत इंग्रजी शिकवायचं, महिना पस्तीस हजार बाथ. एजंटाची फी नऊ हजार दिरहॅम, त्यातच १२० तासांचं टेफल सर्टिफिकेट, म्हणजे परक्या भाषेच्या लोकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स. ‘‘डिग्री लागत नाही,’’ असं त्या एजंटाने दहा वेळा सांगितलं.

तो माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘दादा, जाव काय?’’ मी सुपरवायझर, मला कळतं असं त्याला वाटायचं. मी काय केलं? सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीची वेबसाइट उघडली, ती खरी होती. शाळेचं नाव शोधलं, फोटोत मुलं दिसली, इमारत दिसली. मी म्हणालो, ‘‘जा. इथे प्लायवूड उचलत बसण्यापेक्षा चांगलं आहे.’’

त्याने इथला व्हिसा कॅन्सल केला. हिशोबाचे पैसे आणि आईच्या पाटल्या, दोन्ही त्यात गेलं. टुरिस्ट व्हिसावर गेला. शाळा खरी निघाली. पोरं खरी होती, त्याला ‘टीचर, टीचर’ म्हणून मिठ्या मारायची, त्याने मला व्हिडिओ पाठवला होता. दोन महिने पगारही मिळाला, पस्तीस नाही, वीस हजार, पण मिळाला. सर्टिफिकेट खरं होतं. खोटी एकच गोष्ट होती, त्याचा व्हिसा. शाळावाले म्हणत होते पेपर नंतर करू. पेपर होणारच नव्हते, कारण पेपरसाठी डिग्री लागत होती. टुरिस्ट व्हिसा संपत आला की लाओसच्या बॉर्डरला जाऊन परत यायचं, असं दोनदा केलं. तिसऱ्या वेळी तपासणी झाली. दंड, काही दिवस कोठडी, आणि परतीचं तिकीट स्वतःच्या पैशाने. शाळेने ओळख दाखवली नाही.

आज तो देवगडला बोटी दुरुस्तीच्या कामावर आहे. गणपतीत फोन होतो. तो मला एकदाही बोलला नाही की तुम्ही सांगितलंत म्हणून गेलो. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

तर मंडळी, मी तेव्हा चुकीचा प्रश्न विचारला. मी विचारलं, शाळा खरी आहे का, सर्टिफिकेट खरं आहे का. विचारायला हवं होतं हे: तिथलं वर्क परमिट कुणाच्या नावाने निघणार, कोणत्या कामासाठी निघणार, आणि मी विमानात बसायच्या आधी त्याचा कुठला कागद माझ्या हातात येणार? आपण साइटवर परमिट टू वर्कशिवाय खड्ड्यात उतरत नाही. उतरलो तर सेफ्टीवाला हाकलतो. मग देश बदलताना बिनपरमिटचं कसं उतरतो आपण?

आता एकेक देश सांगतो, मला खात्री आहे तेवढंच.

थायलंड. शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते, आणि त्याच्या मुळाशी पदवी आहे. पदवी कुठल्याही विषयाची चालते, पण पाहिजे. खाजगी भाषा-क्लासला परिषदेचा परवाना लागत नाही, पण वर्क परमिट तिथेही लागतंच. रीतसर पद्धत अशी की तिथला मालक आधी तिथल्या कामगार खात्याकडे अर्ज करतो, त्यातून जे पत्र निघतं त्याला डब्ल्यूपी-थ्री म्हणतात, ते पत्र दाखवून तुम्ही नॉन-इमिग्रंट बी व्हिसा घेता, तिथे पोचल्यावर वर्क परमिट होतं. एजंटाला विचारा, ‘‘डब्ल्यूपी-थ्री कधी येईल?’’ त्याचं तोंड बघा. परमिटशिवाय काम करताना सापडलं तर पाच हजार ते पन्नास हजार बाथ दंड आणि देशाबाहेर, असा त्यांचा कायदा आहे.

व्हिएतनाम. इंग्रजी शिकवायच्या वर्क परमिटसाठी पदवी आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र, दोन्ही. तिथे खूप लोक बिनकागद शिकवतात, ते खरं. बिनकागद लोक इथे दुबईतही काम करतात, आणि त्यांचं काय होतं ते तुम्ही बघितलंय.

दक्षिण कोरिया. तिथला ई-टू नावाचा शिक्षकाचा व्हिसा मुळात सात देशांच्या पासपोर्टला आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेल्या व्यापार करारात आपल्यासाठी एक बारीक वाट ठेवली आहे, पण तिलाही पदवी आणि शिक्षकाचं प्रमाणपत्र लागतं. चीनमध्येही पदवी पाहिजेच, आणि पासपोर्ट इंग्रजी बोलणाऱ्या देशाचा असला तर काम सोपं. इथे एक कडू गोष्ट बोलून टाकतो. या धंद्यात ‘नेटिव्ह स्पीकर’ हा शब्द फार फिरतो. तुम्हाला वाटतं तो उच्चाराबद्दल आहे. बऱ्याचदा तो पासपोर्टबद्दल असतो, आणि कधी कधी कातडीच्या रंगाबद्दल. आपल्याहून फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या फिलिपिनो मास्तरांना तिकडे गोऱ्यांपेक्षा कमी पगारावर घेतात, हे उघड गुपित आहे.

कंबोडिया. इथे मी खोटं सांगणार नाही. पदवी नसलेले लोक तिथे भाषा-क्लासमध्ये शिकवतात. जाहिरातवाले याच एका खऱ्या गोष्टीच्या आडोशाने बाकीचं सगळं विकतात. कारण त्याच कंबोडियात सिहानुकव्हिल भागात, आणि म्यानमारमध्ये म्यावाड्डीकडे, मोठमोठी कंपाउंड आहेत. तिथे लोकांना बोलावून पासपोर्ट काढून घेतात आणि कॉम्प्युटरवर बसवून जगभरच्या लोकांना फसवायला लावतात. नाही म्हटलं तर मारहाण. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सूचना काढली होती की थायलंडच्या चांगल्या नोकरीचं आमिष दाखवून पोरांना बेकायदा म्यानमारला नेतात. आणि त्यात एजंट कुठले म्हणून लिहिलं होतं? भारतातले आणि दुबईतले. दुबईतले! म्हणजे आपल्याच शेजारच्या गल्लीतले. २०२४ च्या मार्चमध्ये मंत्रालयानेच सांगितलं की कंबोडियातून सुमारे २५० भारतीयांना सोडवून आणलं. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधून सुटलेल्या आपल्या लोकांना हवाई दलाच्या विमानाने थायलंडच्या माए सोटवरून आणावं लागलं, पहिल्याच दिवशी २८३ जण.

सूचनेत ज्या नोकऱ्यांचं नाव होतं त्या डिजिटल मार्केटिंगच्या होत्या, इंग्रजी शिकवण्याच्या नव्हत्या. पण माणूस पकडायची रीत तीच. इंग्रजी येणारा, टायपिंग येणारा, घरापासून लांब आणि सध्याच्या कामाला कंटाळलेला. असा पोरगा त्यांना पाहिजे असतो. आता या हॉलमध्ये जरा इकडेतिकडे बघा.

सर्टिफिकेटबद्दल दोन शब्द. टेफल सर्टिफिकेट देणारी जगात एकच सरकारी संस्था वगैरे नाही. कुणीही देऊ शकतं. ऑनलाइन १२० तासांचं काही शे दिरहॅममध्ये मिळतं, त्याचे नऊ हजार कुणी घेत असेल तर पैसे कशाचे ते समजून घ्या. यात सगळ्यात वजनदार मानतात ते केंब्रिजचं सेल्टा. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवून दाखवावं लागतं आणि मागे परीक्षक बसतो. त्याला प्रवेश घ्यायला डिग्रीची सक्ती नाही, कॉलेजात प्रवेश मिळेल एवढं शिक्षण पाहिजे. पण खर्च हजारो दिरहॅमचा आहे, आणि लक्षात ठेवा, सेल्टा तुम्हाला शिकवायला शिकवतं, वर्क परमिट देत नाही. आणि कुणी डिग्रीच विकत देतो म्हणाला तर तिथून उठा. बनावट डिग्रीवर व्हिसा काढला तर ती फसवणूक एजंटाच्या नाही, तुमच्या नावावर लागते.

आता तुम्ही म्हणाल, दादा सगळीकडे नाहीच सांगतायत. थांबा.

इथल्या इथे बघू. यूएईच्या शाळेत शिकवायला पदवी आणि तिचं अटेस्टेशन लागतं, ते सोडा. पण खाजगी शिकवणी इथे आधी सरळ बेकायदा होती, ती डिसेंबर २०२३ पासून परवान्याने करता येते. मनुष्यबळ मंत्रालय आणि शिक्षण मंत्रालय यांनी मिळून खाजगी शिक्षकाचं वर्क परमिट काढलं. दोन वर्षांचं, फी नाही, अर्ज ऑनलाइन. नोकरीवाला असेल तर कंपनीचं ना-हरकत पत्र, चांगल्या वर्तणुकीचा दाखला, मेडिकल, आणि आचारसंहितेवर सही. ना-हरकत पत्र हीच खरी घाटी आहे, मला कबूल आहे. आमच्या एचआरमध्ये मी विषय काढला तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी क्रेन मागितली. तरी मी लेखी अर्ज दिलाय, कारण लेखी ‘नाही’ची किंमत तोंडी ‘बघू’पेक्षा जास्त असते.

ऑनलाइन शिकवणं. प्रेप्लीसारख्या ठिकाणी डिग्री सक्तीची नाही, भारतीय पासपोर्ट चालतो. पण गणित करून जा. नव्या विद्यार्थ्याचा पहिला तास पूर्ण कंपनीचा, तुम्हाला शून्य. पुढे कमिशन ३३ टक्क्यांपासून सुरू होतं, तास वाढतील तसं १८ पर्यंत उतरतं. वर आठ जणांच्या खोलीत शांत कोपरा कुठे मिळणार? मागे कुणीतरी कुकर लावतो. आणि इथे राहून ही कमाई करायची तर तीही परमिटचीच बाब आहे, मोबाईलवर चालते म्हणून सुटत नाही. सुट्टीवर गावी असताना किंवा कायमचं गावी गेल्यावर मात्र हे करून बघण्यासारखं आहे. चीनच्या पोरांना ऑनलाइन शिकवून गोरे लोक कमवत होते, ते २०२१ मध्ये चीन सरकारने एका झटक्यात बंद केलं, म्हणून सगळी मदार त्यावर ठेवू नका.

माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी शिकवण्याचं सगळ्यात जवळचं काम साइटवरच आहे, आणि तिकडे कुणाचं लक्ष नाही. सेफ्टी ट्रेनर. रोज सकाळी टूलबॉक्स टॉक कोण घेतो? बऱ्याचदा असा माणूस जो इंग्रजी कागद वाचून दाखवतो आणि समोरच्या साठ जणांतल्या दहाला कळतं. ज्याला इंग्रजी वाचता येतं, हिंदीत समजावता येतं, आणि शटरिंग पडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, तो माणूस कंपनीला पाहिजे असतो. नेबॉशच्या इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेटला डिग्रीची अट नाही. इंग्रजी मात्र बऱ्यापैकी पाहिजे, परीक्षेत पानंच्या पानं लिहावी लागतात. मी दोनदा बसलो. पहिल्यांदा लेखीत गेलो, कारण उत्तर माहीत होतं पण प्रश्नातला शब्द समजला नव्हता.

आणि ज्याला खरंच मास्तरच व्हायचंय त्याने डिग्री पूर्ण करावी. इग्नू आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. बारावीनंतर तीन वर्षं लागतात. तीन वर्षं म्हणजे आपलं दीड काँट्रॅक्ट. इथे बसून किती काँट्रॅक्ट गेली, मोजा.

तोवर वर्ग इथेच. तुम्हाला माहीत आहे, मागच्या पावसाळ्यापासून रविवारी साडेचारला मी या टेबलावर शिकवतो. पैसे घेत नाही, त्यामुळे कुणी मला काढूही शकत नाही. पहिल्या दिवशी मी ए फॉर ॲपल लिहिलं आणि नांदेडचा स्टील फिक्सर उठून गेला. बरोबर केलं त्याने. चाळीशीच्या माणसाला ॲपल कशाला? दुसऱ्या रविवारी त्याचीच पे-स्लिप घेतली. बेसिक, ओव्हरटाइम, डिडक्शन. ‘डिडक्शन’ शब्द कळला तेव्हा त्याने विचारलं, ‘‘मग हे दीडशे कसले कापले?’’ सोमवारी टाइमकीपरकडे गेला आणि इंग्रजीतच विचारलं. मोडकं होतं, पण विचारलं. दोन दिवसांची हजेरी चुकली होती, पुढच्या महिन्यात पैसे आले. त्यानंतर वर्गाला खुर्च्या पुरेनात. आता आम्ही डॉक्टरला काय सांगायचं, लिफ्टिंगच्या वेळी ‘होल्ड’ आणि ‘लोअर’ मधला फरक, ऑफर लेटर कसं वाचायचं, हेच घेतो. त्या मालवणच्या पोराने हे सगळं आधी केलं होतं, फक्त आम्ही त्याला वर्ग म्हटलं नाही. असो.

शेवटी कामाचं. भारतातून एजंटामार्फत जाणार असाल तर तो ई-मायग्रेटच्या यादीत नोंदलेला आहे का बघा. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. दुबईतला माणूस तुम्हाला इथून तिसऱ्या देशात पाठवतो म्हणतो, तो त्या यादीत नसतोच. इथला व्हिसा कॅन्सल करण्याआधी दुसरीकडचा कामाचा व्हिसा पासपोर्टवर किंवा ई-व्हिसा हातात असला पाहिजे, आणि त्यावर ‘टुरिस्ट’ शब्द असेल तर तो कामाचा नाही, एजंट काहीही म्हणो. कुणी आधीच पैसे दिले असतील, पासपोर्ट अडकला असेल, तर दुबईत आपल्या सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, ८०० ४६३४२, फोन फुकट आहे, हिंदीत बोला.

आणि ते चार जण, नावं घेत नाही, तुमची ऑफर पुढच्या रविवारी साडेचारला घेऊन या. मूळ कागद नको, मोबाईलवर फोटो चालेल. वर्गातच वाचू, सगळ्यांसमोर, एकेक ओळ. पैसे द्यायची तारीख त्याआधीची असेल तर आज रात्रीच माझ्या रूमवर या, दुसरा मजला, मी अकरापर्यंत जागा असतो.